पाऊण इंची

गच्चीवरच्या टाकीत रात्री अठ्ठावन्न अंश असतात.
पहाटे पहिल्या मजल्यावर, हुल्याळकरांच्या मोरीत,
पोचतात एक्केचाळीस.
मी मोजलंय.
निवृत्त होताना खिशात राहून गेलेल्या
कारखान्याच्या थर्मामीटरनं मोजलंय.
मधले सतरा कुठे जातात
हे मला विचारा.

भोसरीला एकतीस वर्षं बॉयलर हाउसला होतो.
वाफेच्या नळ्यांना ग्लासवूल गुंडाळायचो,
त्यावर जाळी, त्यावर पत्रा.
घरी यायचो ते मनगटापासून कोपरापर्यंत खाज घेऊन.
शैलजा खोबरेल लावून
दिव्याखाली एकेक कुसळ काढायची.
म्हणायची, कंपनीचं अंग झाकता सगळं,
आपली नळी बघा, कशी उघडी पडलीय.
बघू, म्हणायचो.
एकतीस वर्षं बघू म्हणालो.

यंदा तळजाईकडून वारं सुटलं,
सहकारनगरात पारा आठावर आला,
आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये हुल्याळकरबाई उभ्या राहिल्या:
"अडीच बादल्या थंड वाहतं, तेव्हा कुठे कोमट लागतं.
त्यात मी फरशी पुसते, कुंड्यांना घालते,
तरी एक बादली उरतेच माझ्याकडे बघत.
तुम्हा चौथ्या मजल्यावरच्यांचं काय,
तुम्ही सूर्याचे शेजारी."
सगळे हसले.
चौथ्या मजल्यावर मी राहतो.

नाना पेठेतून काळा फोम आणला,
सहा फुटी नळकांडी, पोटात चिरलेली.
रिक्षातून डोकी बाहेर काढून बसली होती.
सिग्नलला एकानं विचारलं, काका, ऊस कसा दिला?

दस्तगीर प्लंबर म्हणाला, हे काम कुणी सांगत नाही.
टाकी मोठी करा म्हणतात. नळी कुणाला दिसत नाही.
कमरेला दोर बांधून तो उत्तरेच्या भिंतीवर उतरला,
नळकांडं उघडायचा, आत पाइप घालायचा, मिटायचा,
बाळाला कुंची बांधावी तसं, कानांवरून नीट.
मी खालून ओरडत होतो:
बाकावर तिरका छेद घे! जोडाला फट नको!
ऊब फटीतूनच जाते!
शैलजा खिडकीतून म्हणाली,
ओरडल्यानं वाढते का?

बिल्डरच्या कृपेनं आमची नळी
आधी पार्किंगमध्ये उतरते, तिथे वळसा घेते,
मग पहिल्या मजल्यावर चढते.
तो वळसाही झाकला. दोन फूट फोम उरला.

दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत,
बादली आणि थर्मामीटर घेऊन खाली आलो
तर टेकाम, आमचा रात्रीचा वॉचमन,
त्या वळशापाशी उभा.
हात फोमवर ठेवला. काढला. परत ठेवला.
"साहेब, ही बंद पडली का?"
नाही, म्हटलं, चालू आहे. आत चांगली गरम आहे.
"हो का," म्हणाला.
"पहाटे लोकांच्या आंघोळी सुरू झाल्या की
पाठ लावून बसत होतो, म्हणून विचारलं."

सतरा अंश.
मी वाऱ्याला धरले होते, भिंतीला,
त्या वेड्या वळशाला.
माणूस धरला नव्हता.

वर हुल्याळकरबाईंचं पाणी दीड तांब्यात आलं.
त्रेपन्न. त्यांनी मला वाटीभर डिंकाचे लाडू दिले.
ते मी टेकामला दिले, आणि घरातली जुनी शेगडी देऊ केली.
शेगडी नको, म्हणाला, बिल तुमच्या सोसायटीचं, बोलणी मला.
तो उरलेला तुकडा घेऊ का?

आज पाचला दूधवाल्यासाठी गेट उघडलं
तेव्हा आवाज आला नाही नेहमीसारखा.
खाली जाऊन पाहिलं:
लोखंडी अडसरावर, हात पडतो तिथे,
दोन फूट काळा फोम, सुतळीनं आवळलेला.
जोड उघडा होता, बोटभर.
मी वर जाऊन पट्टी घेऊन आलो.